रुग्णांची वयं आणि हुकलेले डोस: कॉक्स बाजारमधली घटसर्पाची साथ

पार्श्वभूमी

२५ ऑगस्ट २०१७ पासून म्यानमारच्या राखाइन प्रांतातले रोहिंग्या जीव मुठीत धरून नाफ नदीपलीकडे बांगलादेशात येऊ लागले. वर्ष सरेपर्यंत आकडा साडेसहा लाखांच्या घरात गेला. बहुतेकांनी कॉक्स बाजार जिल्ह्यातल्या उखिया आणि टेकनाफ या दोन उपजिल्ह्यांत आसरा घेतला. कुतुपालोंग-बालुखाली परिसरातल्या टेकड्यांवरची झाडी तुटली, उतार खणले गेले आणि बांबू-ताडपत्रीच्या झोपड्या एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या. छावणीत माणशी ४५ चौरस मीटर जागा असावी, असा आपत्तीनिवारणातला निकष आहे. इथल्या दाटीच्या भागात ती १० च्या आसपास भरत होती.

घटसर्प पसरायला ही दाटी पुरेशी होती, पण सगळा दोष तिच्या माथी मारता येत नाही. याच टेकड्यांच्या पायथ्याशी बांगलादेशी गावं होती आणि रोहिंग्यांची तिथे रोजची ये-जा होती. तरी त्या गावांत तुरळक रुग्णांपलीकडे साथ गेली नाही. बांगलादेशात तीन प्राथमिक डोस पूर्ण करणाऱ्या बाळांचं प्रमाण अनेक वर्षं ९० टक्क्यांच्या वर होतं. उत्तर राखाइनमध्ये २०१२ च्या हिंसाचारानंतर रोहिंग्यांच्या हिंडण्याफिरण्यावर कडक बंधनं आली होती, मदतसंस्थांना वारंवार मज्जाव होत होता, आणि नियमित लसीकरण कित्येक वस्त्यांपर्यंत पोहोचतच नव्हतं. एकाच परिसरात दोन लोकसमूह, हवा तीच, जंतू तोच. एकात साथ भडकली, दुसऱ्यात नाही.

साथीच्या या नोंदीत कुणा एका रुग्णाची ओळख पटेल असा तपशील घेतलेला नाही. मला यात रस आहे तो निर्णयांमध्ये: कुणी कधी काय ठरवलं, हाती काय असताना ठरवलं, आणि काय ठरवायचं राहून गेलं.

आजार नेमका काय करतो

कोरिनेबॅक्टेरियम डिप्थेरिये हा जंतू घशात बसतो आणि तिथेच राहतो. मारतं ते त्याचं विष. हे विष बनवण्याचं जनुकही मूळचं त्याचं नाही. एका विषाणूने ते जंतूत आणून सोडलेलं असतं. विष पेशींमधली प्रथिननिर्मिती बंद पाडतं. घशातल्या मेलेल्या पेशी, रक्त आणि जंतू यांचा मिळून राखाडी-पांढरा पडदा तयार होतो. टॉर्च मारून पाहिलं की टॉन्सिलवर तो दिसतो, कधी पडजिभेपर्यंत पसरलेला. साध्या टॉन्सिलच्या दुखण्यातला पू पुसला जातो. हा पडदा पुसला जात नाही, ओढला तर रक्त येतं. म्हणून तो ओढू नये, हे नव्या डॉक्टरांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. पडदा स्वरयंत्रापर्यंत उतरला तर श्वास कोंडतो. मानेच्या गाठी आणि भोवतालचा भाग सुजून मान जबड्याइतकी रुंद झाली, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत ‘बुल नेक’ दिसू लागली, की विष भरपूर आहे असं समजायचं.

पुढचा धोका उशिरा येतो. घसा बरा होत असताना, एक-दोन आठवड्यांनी, हृदयाचा स्नायू दगा देऊ शकतो. त्याहीनंतर नसा दुबळ्या पडतात: पाणी पिताना नाकातून येतं, आवाज नाकात जातो, कधी हातापायांतली ताकद जाते.

लसीत असतं ते निष्प्रभ केलेलं विष, म्हणजे टॉक्सॉइड. त्यामुळे लस घेतलेल्या माणसाला विषाची बाधा होत नाही, पण त्याच्या घशात जंतू मुक्काम करू शकतो. हे लक्षात ठेवलं नाही तर पुढचे निम्मे निर्णय कळणार नाहीत.

साथीआधीचे हुकलेले मौके

निर्वासित येऊ लागल्यावर लसीकरण झालंच नाही, असं मुळीच नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून मुलांना गोवर-रुबेला आणि पोलिओची लस मिळू लागली. १० ऑक्टोबरला कॉलऱ्याच्या तोंडी लसीची मोहीम सुरू झाली. तिच्यासाठी ९ लाख डोस मंजूर झाले होते आणि एक वर्षावरच्या सगळ्यांना ती द्यायची होती. १८ नोव्हेंबरला गोवर-रुबेलाची दुसरी फेरी निघाली, सहा महिने ते १५ वर्षं वयाच्या साडेतीन लाखांहून अधिक मुलांसाठी.

या शेवटच्या मोहिमेचा वयोगट पाहा. महिनाभरात घटसर्पाची लस ज्या मुलांना द्यायची होती, जवळपास तीच ही मुलं. तीच वस्ती, तेच स्वयंसेवक, घरोघर जाऊन पटवण्याची तीच मेहनत. एका दंडात गोवराची सुई टोचली जात असताना दुसरा दंड मोकळा होता.

तरी त्या वेळी ठरवणाऱ्यांना मूर्खात काढणं सोपं आणि अन्यायाचं आहे. छावण्यांत मुलं सर्वांत आधी गोवराने मरतात, हा दशकांचा अनुभव आहे. कॉलऱ्याची भीती खरी होती. विहिरी आणि संडास एकमेकांना चिकटून होते. शिवाय गोवराचा एक डोस पुष्कळ काम करतो, तर घटसर्पाच्या लसीचे किमान तीन डोस लागतात, मध्ये चार-चार आठवडे सोडून. जी माणसं उद्या कुठल्या झोपडीत असतील हे ठाऊक नाही, त्यांना तीनदा गाठायचं म्हणजे काय, याचा हिशेब मैदानावरच्या माणसाला विचारावा. त्यामुळे सप्टेंबरमध्ये घटसर्प मागे पडला, हे मी समजू शकतो. नोव्हेंबरच्या फेरीबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही.

पेच

१० नोव्हेंबरला ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’, म्हणजे एमएसएफच्या दवाखान्याने पहिला संशयित रुग्ण कळवला. पुढचे काही आठवडे आकडा हळूहळू चढला आणि डिसेंबर उजाडताच उसळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीनुसार १२ डिसेंबरपर्यंत ८०४ संशयित रुग्ण आणि १५ मृत्यू झाले होते.

हा सुरुवातीचा संथ काळ फसवा असतो. तिथे काम करणाऱ्या बहुतेक डॉक्टरांनी घटसर्प पुस्तकातच पाहिला होता. ताप आणि घसादुखीची शेकडो मुलं रोज रांगेत उभी असताना प्रत्येकाच्या घशात टॉर्च मारून नीट बघणं होतंच असं नाही. नमुने तपासायचे तर ते ढाक्याला पाठवायचे. घशाचा स्वॅब प्रतिजैविक सुरू होण्याआधी घ्यावा लागतो. एखाद-दुसरा डोस पोटात गेला असेल तर कल्चरमध्ये जंतू उगवत नाही आणि अहवाल निगेटिव्ह येतो. छावणीत कुणी आधी कुठल्या गोळ्या घेतल्या, हे कोण सांगणार?

त्या ८०४ जणांच्या यादीत एक आकडा सगळ्यांत बोलका होता. ७३ टक्के रुग्ण १५ वर्षांखालचे होते. उलटीकडून वाचलं तर चारातला एक रुग्ण १५ वर्षांचा किंवा त्याहून मोठा होता. नियमित लसीकरण पूर्वी धड चाललं असतं आणि अलीकडेच कोलमडलं असतं, तर रुग्ण मुख्यतः तान्ही आणि पाचाखालची मुलं असती. इथे शाळकरी वयाची मुलं आणि तरुण पडत होते. पूर्ण साथीतल्या रुग्णांचं मध्यक वय पुढे १० वर्षं निघालं. म्हणजे राखाइनमधलं लसीकरण २०१७ मध्ये नव्हे, त्याच्या दहा-पंधरा वर्षं आधीपासूनच लंगडत होतं. घटसर्पाच्या साथीत रुग्णांची वयं मांडली की हुकलेल्या डोसांची जुनी वही उघडते.

१९९० च्या दशकात सोव्हिएत संघ फुटल्यावर तिथल्या देशांत दीड लाखाहून अधिक रुग्ण आणि सुमारे पाच हजार मृत्यू झाले, तेव्हा मोठा वाटा प्रौढांचा होता: लहानपणी डोस मिळाले, पण पुढे बूस्टर नाहीत, असे लोक. कॉक्स बाजारचं चित्र निराळं. इथे मुळातच डोस नव्हते. दोन्हीकडे उपाय एकच वयोगट धरून चालणार नव्हता.

दुसरी एक गोष्ट यादीत होती आणि तिच्याकडे कमी लक्ष गेलं. ६० टक्के रुग्ण स्त्रिया आणि मुली होत्या. शेवटपर्यंत हा कल टिकला.

पर्याय आणि त्यांचा हिशेब

पहिला प्रश्न: लस कुणाला? सात वर्षांखालच्या मुलांना पेंटाव्हॅलंट, म्हणजे घटसर्पासह पाच आजारांवरची एकत्रित लस, देता येते. त्याहून मोठ्यांना टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पावरची लस, लागते. तिच्यात घटसर्पाच्या टॉक्सॉइडची मात्रा कमी असते, कारण वाढत्या वयात मोठ्या मात्रेने दंड जास्त सुजतो. समोर तीन वाटा होत्या. फक्त सातखालच्या मुलांना लस द्यायची: लवकर सुरू होईल, पण मध्यक वय १० असलेल्या साथीत अर्ध्याहून जास्त रुग्णांचा वयोगट मोकळा राहील. १५ पर्यंत जायचं: दोन लसी, दोन वयोगट, पण बहुतेक मृत्यूंचं वय झाकलं जाईल. किंवा सगळ्यांनाच द्यायची, म्हातारकोतारं धरून.

तिसरी वाट शास्त्राच्या दृष्टीने सर्वांत पक्की. छावणीतल्या आकडेवारीवरून नंतर काढलेल्या अंदाजात एक रुग्ण सरासरी सात जणांना लागण करू शकत होता, तर आधीच्या अनेक साथींच्या एकत्रित विश्लेषणात हाच आकडा २ ते ४ च्या दरम्यान येतो. सात धरला तर ८५ टक्क्यांहून अधिक लोक सुरक्षित असल्याशिवाय साखळी तुटत नाही, आणि मोठ्यांना वगळून ८५ टक्के गाठणं गणितात बसत नाही. पण दुसऱ्या पारड्यातही एक आकडा होता: पहिल्या १५ मृत्यूंपैकी १४ हे १५ वर्षांखालच्या मुलांचे होते. डोस मोजके असतील तर आधी कुणाचा जीव वाचवायचा, याचं उत्तर त्यात होतं. निर्णय १५ वर्षं वयावर थांबला.

मला हा निर्णय त्या आठवड्यापुरता पटतो. तो ‘सध्या १५ पर्यंत’ असा घेतला गेला असता तर आणखी पटला असता. साथीत आखलेली रेघ पुढे कुणी पुसायला जात नाही. दुसऱ्या फेरीला तीच, तिसऱ्या फेरीला तीच.

दुसरा प्रश्न: अँटीटॉक्सिन कुणाला? लस साथ थांबवते, आजारी पडलेल्याला वाचवत नाही. त्याला लागतं डीएटी, म्हणजे घटसर्पाच्या विषावरचं अँटीटॉक्सिन. घोड्यांना टॉक्सॉइड टोचून त्यांच्या रक्तद्रवातून ते काढतात. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो या शास्त्रज्ञांनी दाखवलेलं तत्त्व आजही तेच आहे. रक्तात फिरणारं विष ते निकामी करतं, पण पेशीत शिरलेल्या विषाला हात लावू शकत नाही. म्हणून प्रत्येक दिवसाचा उशीर महाग पडतो. अनेक साथींच्या एकत्रित अभ्यासात, लस न घेतलेल्या आणि उपचार न मिळालेल्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण २९ टक्के आढळलं. अँटीटॉक्सिनने मृत्यूची शक्यता तीन-चतुर्थांशाने घटते.

अडचण ही की ते बनवणारे जगात मोजकेच, आणि २०१७ च्या अखेरीस येमेन, व्हेनेझुएला आणि इंडोनेशियातही घटसर्प चालू होता. सगळ्यांचे हात त्याच लहानशा साठ्याकडे. आता साधा हिशेब करू. एका कुपीत बहुधा १०,००० युनिट. घशापुरता, दोन दिवसांच्या आतला आजार असेल तर २० ते ४० हजार युनिट, म्हणजे दोन ते चार कुप्या. बुल नेक किंवा तीन दिवसांहून जुना, पसरलेला आजार असेल तर ८० हजार ते १ लाख २० हजार, म्हणजे आठ ते बारा. मूल लहान म्हणून मात्रा कमी होत नाही, कारण मात्रा विषाच्या हिशेबाने ठरते, वजनाच्या नाही. हजार कुप्यांत लवकर आलेले २५० ते ५०० रुग्ण निभावतील, किंवा उशिरा आलेले शंभरेक. एका उशिराच्या रुग्णाला देतो तेवढ्यात लवकर आलेले तीन-चार जण बसतात. एमएसएफच्या लोकांनी तेव्हा उघडपणे सांगितलं की समोर असलेल्या सगळ्यांना पुरेल इतकं औषध नाही, आणि कुणाला द्यायचं हा नीतीचा प्रश्न झाला आहे.

शेवटी निवडीचा आधार ठरला तो पडदा. चिकट पडदा, श्वासाला घरघर, सुजलेली मान असेल त्याला अँटीटॉक्सिन. नुसता लाल घसा असेल त्याला प्रतिजैविक आणि लक्ष. प्रयोगशाळेच्या अहवालासाठी थांबायचं नाही.

तिसरा प्रश्न संपर्कातल्यांचा. पाठ्यपुस्तक म्हणतं: जवळच्या संपर्कातल्या प्रत्येकाचा स्वॅब घ्या, प्रतिबंधक प्रतिजैविक द्या, लस तपासा. हजारो रुग्ण, प्रत्येकामागे एका झोपडीतली पाच-सात माणसं आणि स्वॅब तपासणारी प्रयोगशाळा ढाक्यात. तपासून मग औषध, हा मार्ग इथे कागदावरच राहिला असता. सरसकट औषध देण्याचं ठरलं.

प्रत्यक्षात काय केलं

१२ डिसेंबरला मोहीम सुरू झाली, पहिल्या रुग्णाच्या नोंदीनंतर ३२ दिवसांनी. सहा आठवडे ते सहा वर्षांच्या मुलांना पेंटाव्हॅलंट, जोडीला न्यूमोकोकल आणि पोलिओ. सात ते पंधरा वर्षांच्या मुलांना टीडी. टीडीचे तीन लाख डोस सीरम इन्स्टिट्यूटने देणगी म्हणून दिले. पहिली फेरी डिसेंबरअखेर आटोपली. दुसरी जानेवारीच्या शेवटी सुरू होऊन फेब्रुवारीत संपली, तिसरी मार्चमध्ये झाली. चार महिन्यांत अशा वस्तीत तीन फेऱ्या पूर्ण करणं ही सोपी गोष्ट नव्हे, हे नोंदवलंच पाहिजे.

उपचारासाठी वेगळी केंद्रं उभी राहिली. बालुखालीत एमएसएफने माता-बालकांसाठी तयार होत आलेला कक्ष घटसर्पाकडे वळवला. इतर संस्थांनी तंबूंत केंद्रं थाटली आणि डिसेंबरच्या अखेरीस ब्रिटनचं आपत्कालीन वैद्यकीय पथक दाखल झालं. सर्वसाधारण वॉर्डात हे रुग्ण ठेवले असते तर कुपोषण आणि न्यूमोनियाची मुलं शेजारच्या खाटेवर असती.

अशा केंद्रातलं काम कसं चालतं, ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. अँटीटॉक्सिन घोड्याच्या प्रथिनांचं; काहींना त्याची तीव्र ॲलर्जी येते. म्हणून त्या काळच्या पद्धतीनुसार आधी अगदी विरळ केलेला थेंबभर डोस देऊन वाट पाहायची. पुरळ नाही, धाप नाही, रक्तदाब ठीक, मग पूर्ण मात्रा सलाइनमध्ये मिसळून दोन-चार तासांत हळू सोडायची. हाताशी ॲड्रिनलिन भरलेली सिरिंज. एक नर्स त्या खाटेपासून हलू शकत नाही. नाडी, श्वास, त्वचा, पुन्हा नाडी. मुलाला रडवायचं नाही, कारण रडण्याने सुजलेला श्वासमार्ग आणखी आवळतो. कुप्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या, तेही जनरेटरच्या भरवशावर. त्यामुळे केंद्राची क्षमता खाटांच्या संख्येने मोजणं फसवं आहे. एका वेळी किती सलाइनपाशी किती डोळे बसवता येतात, तीच खरी क्षमता.

संपर्कशोधाची पथकं रुग्ण भरती झाला की त्याच्या झोपडीवर जायची. पत्ते नव्हते. टेकडी, गटाचं नाव, त्या गटाचा ‘माझी’, म्हणजे वस्तीचा म्होरक्या, आणि मग विचारत विचारत. चित्तगावच्या भागातली बोली रोहिंग्यांच्या भाषेला बरीच जवळची, म्हणून स्थानिक स्वयंसेवकांचा मोठा आधार झाला. घरातल्यांना प्रतिजैविक द्यायचं आणि कुणाचा घसा धरला आहे का ते पाहायचं.

लसीबद्दल कुजबूज होती. एकाच वेळी इतक्या सुया का, ताप का येतो, इथपासून लस घेतली की धर्म बदलतो इथपर्यंत. इमाम आणि माझी यांना बरोबर घेतल्यावर बरंच निवळलं. पण एक अडसर अफवेचा नव्हता. वयात आलेल्या मुलींनी बाहेर पडायचं नाही, आणि पडल्या तरी पुरुषाच्या हातून दंडावर सुई टोचून घ्यायची नाही. लसीकरण केंद्र शंभर पावलांवर असूनही अशा मुलीसाठी ते नसल्यातच जमा होतं. ६० टक्के स्त्री-रुग्णांच्या आकड्याशेजारी हे ठेवून पाहावं.

निष्पत्ती

साथीचा कळस डिसेंबरच्या मध्यात आला आणि जानेवारीपासून ती ओसरू लागली. पण विझली नाही. २०१९ मध्येही रुग्ण येत राहिले. नोव्हेंबर २०१७ ते २०१९ अखेर ७,०६४ रुग्णांची नोंद झाली: प्रयोगशाळेत सिद्ध झालेले २८५, संभाव्य ३,६१० आणि संशयित ३,१६९. मृत्यू ४५ च्या आसपास, म्हणजे शंभरात एकाहूनही कमी. १२ डिसेंबरच्या आकड्यांवरून हेच प्रमाण दोन टक्क्यांच्या जवळ येत होतं.

हे यश कशाचं? लसीकरणाच्या अहवालांत ते बहुधा मोहिमेच्या खात्यावर टाकलं जातं. मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. मोहीम १२ डिसेंबरला सुरू झाली आणि आलेख त्याच सुमारास वळला. कधीच लस न घेतलेल्या शरीराला पहिल्या डोसनंतर प्रतिपिंडं तयार करायला आठवडे लागतात आणि एका डोसचं संरक्षण तोकडंच असतं. म्हणजे तो पहिला उतार मुख्यतः इतर कशाने तरी आला असणार: रुग्ण वेगळे काढणं, हजारो घरांत गेलेलं प्रतिजैविक, आणि सर्वांत दाट वस्त्यांत जंतूला नवी माणसं कमी मिळू लागणं. प्रतिजैविकाचा वाटा मोठा मानायला आधार आहे. औषधाविना जंतू घशात सरासरी अडीच-एक आठवडे राहतो, औषधाने पाच दिवसांत जातो. लसीचं श्रेय वेगळं: पुन्हा डिसेंबर झाला नाही, ते तीन फेऱ्यांमुळे.

मृत्यूच्या कमी टक्क्याबद्दलही तसंच. सिद्ध झालेले रुग्ण २८५ आणि नोंद ७,०६४. रुग्ण कुणाला म्हणायचं याची व्याख्या सैल ठेवल्यामुळे इतर कारणांनी घसा सुजलेलेही यादीत आले असणार, आणि त्यांच्यामुळे भाजक फुगला. तरी मैदानावर सैल व्याख्याच योग्य होती. काटेकोर व्याख्येने एक खरा रुग्ण सुटला तर तो परत झोपडीत जाऊन सात जणांना देतो. सैल व्याख्येने एक खोटा रुग्ण आला तर प्रतिजैविकाच्या काही गोळ्या जातात. फक्त अँटीटॉक्सिनसाठी व्याख्या घट्ट हवी होती, आणि ती पडद्याच्या अटीने घट्ट ठेवली गेली. दोन कामांसाठी दोन चाळण्या, ही या प्रतिसादातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत आधी, जनसमूह येताना त्याची लसीकरणाची पूर्वपीठिका विचारायला हवी होती. जागतिक आरोग्य संघटनेचं घटसर्पाच्या लसीवरचं सुधारित भूमिकापत्र ४ ऑगस्ट २०१७ ला आलं, लोंढे सुरू होण्याच्या तीन आठवडे आधी. त्यात तीन प्राथमिक डोस आणि तीन बूस्टर असा सहा डोसांचा आराखडा स्पष्ट आहे. राखाइनची अवस्था मदतसंस्थांना ठाऊक होती. पाच-सात आणि दहा-बारा वर्षांच्या काही मुलांच्या आयांना डोसांबद्दल विचारलं असतं तरी अंदाज आला असता. त्यावरून टीडीची मागणी सप्टेंबरमध्येच नोंदवता आली असती. मागणी नोंदवणं म्हणजे लगेच मोहीम काढणं नव्हे. माल गोदामात असता तर १० नोव्हेंबरनंतर ३२ दिवस लागले नसते, आणि १८ नोव्हेंबरच्या गोवराच्या फेरीत तो दुसरा दंड वापरता आला असता.

१५ ची रेघ दुसऱ्या फेरीआधी, जानेवारीत, पुन्हा तपासायला हवी होती. तोपर्यंत डोसांची पहिली ओढाताण संपली होती आणि मोठ्या वयातल्या रुग्णांचा वाटा स्पष्ट दिसत होता. सगळ्या प्रौढांना जमत नसेल तर निदान रुग्णांची उठबस करणाऱ्या आया, बहिणी, आज्या आणि केंद्रातले स्वयंसेवक यांना टीडी द्यायला हवी होती. मुलींसाठी स्त्री लसटोचक आणि आडोसा ही सोय पहिल्या फेरीपासून हवी. ती ‘सांस्कृतिक संवेदनशीलते’च्या कलमाखाली न टाकता थेट व्याप्तीच्या हिशेबात धरायला हवी.

अँटीटॉक्सिनचं काय? कॉक्स बाजारनंतरही जगाचा साठा वाढला नाही. २०२३ मध्ये नायजेरियात मोठी साथ आली तेव्हा पुन्हा तीच टंचाई, पुन्हा तीच वाटणी. कुठल्याही एका देशाला दहा वर्षांत एकदा लागणारं औषध कुणी स्वतःहून साठवत नाही. म्हणून प्रादेशिक साठा आणि त्याचा खर्च वाटून घेण्याचा करार यावाचून दुसरा उपाय मला दिसत नाही. वापराच्या बाबतीत थोडी सुधारणा झाली आहे. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने उपचाराची मार्गदर्शक तत्त्वं नव्याने काढली: अँटीटॉक्सिनपूर्वी सरसकट संवेदनशीलता चाचणी करू नये, मात्रा आजाराच्या तीव्रतेनुसार आणि लक्षणं सुरू होऊन गेलेल्या वेळेनुसार चढती ठेवावी, आणि प्रतिजैविकांत पेनिसिलिनपेक्षा अझिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिनला पसंती द्यावी. चाचणीचा वेळ वाचला की त्या नर्सचा अर्धा-पाऊण तास मोकळा होतो, म्हणजे दिवसाकाठी खाटेमागे आणखी एखादा रुग्ण बसू शकतो.

आणि सुट्टी मिळालेल्या रुग्णांचं. घसा साफ झाला की मूल झोपडीत परत जातं. हृदयाचा आणि नसांचा धोका त्यानंतरच सुरू होतो. पत्ता नसलेल्या वस्तीत त्याला दोन, चार आणि सहा आठवड्यांनी शोधून काढायचं तर संपर्कशोधाच्या पथकांनाच ते काम द्यायला हवं. त्यांना ती झोपडी आधीच माहीत असते. पाणी नाकातून येतंय का आणि चालताना धाप लागते का, हे दोन प्रश्न स्वयंसेवकही विचारू शकतो. शिवाय आजार होऊन गेला म्हणजे संरक्षण मिळालं असं घटसर्पात धरता येत नाही. आजार घडवणारं विष इतकं थोडं असू शकतं की शरीर पुरेशी प्रतिपिंडं बनवत नाही. त्यामुळे केंद्रातून बाहेर पडताना लसीचा पहिला डोस दंडावर आणि पुढच्या दोन तारखा कार्डावर असल्याशिवाय सुट्टीच्या कागदावर सही करू नये.